सॅलडवरची हिरवी साय, घरच्या घरी

रक्तातली साखर वाढली किंवा कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला, की घरात पहिला बदल होतो तो रात्रीच्या ताटात. भात आणि पोळीच्या जागी काकडी, टोमॅटो, गाजर, कोबी येतात. तेल नको, दाणे नकोत, खोबरं तर नकोच, असंही ठरतं. हे कोरडं ताट चार दिवस निमूटपणे संपतं. पाचव्या दिवशी कुणीतरी दुकानातून मेयॉनीजची बाटली आणतं आणि पुढच्या आठवड्यात सॅलड थोडं, बाटली जास्त अशी गत होते. मग ‘सॅलड खाऊनही वजन का उतरत नाही?’ हा प्रश्न पडतो.

कोरडं ताट आणि बाटली या दोन टोकांच्या मधली वाट आपल्याच स्वयंपाकघरातून जाते. कोथिंबीर, पुदिना यांची चव असलेलं, सायीसारखं दाट ड्रेसिंग घरी पंधरा मिनिटांत करता येतं. रत्नागिरीत तर त्यासाठी लागणारं सगळं बाजारात नाहीतर परसातच मिळतं. दही, दाणे, मोहरी, लिंबू, मोसमात कैरी किंवा बिंबल, आणि अर्थातच नारळ. मात्र ते का करायचं, दाटपणा कुठून येतो आणि ते किती वेळ टिकतं, एवढं विज्ञान समजून घेतलं तर फायदा पदरात पडतो आणि धोका टळतो.

बिनतेलाचं सॅलड अपुरं का?

गाजर, टोमॅटो, पालक, कोथिंबीर यांचे रंग ज्या द्रव्यांमुळे असतात किंवा ज्यांच्यासोबत असतात, त्यांत कॅरोटिनॉइड हा मोठा गट आहे. गाजरातलं आणि हिरव्या पानांतलं बीटा कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन ही त्यांची परिचित नावं. बीटा कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात विरघळतात. जेवणात थोडा स्निग्धांश असला तरच आतड्यात पित्तरसाच्या मदतीने त्यांचे सूक्ष्म कण तयार होतात आणि ते रक्ताकडे जाऊ शकतात. ई आणि के जीवनसत्त्वांचंही तसंच.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हे थेट मोजून पाहिलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पालक, लेट्यूस, टोमॅटो आणि गाजराचं तेच सॅलड लोकांना तीन वेगवेगळ्या वेळी दिलं गेलं. एकदा बिनतेलाच्या ड्रेसिंगसह, एकदा ६ ग्रॅम आणि एकदा २८ ग्रॅम तेल असलेल्या ड्रेसिंगसह. बिनतेलाच्या सॅलडमधून कॅरोटिनॉइड जवळजवळ शोषलेच गेले नाहीत. तेल वाढलं तसं शोषणही वाढलं. २०१७ मध्ये त्याच विद्यापीठातून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात ० ते ३२ ग्रॅमपर्यंत तेलाच्या पाच मात्रा तपासल्या गेल्या, तेव्हाही हाच कल दिसला.

हे दोन्ही अभ्यास लहान होते. पहिल्यात सात जण होते, दुसऱ्यात बारा स्त्रिया. त्यामुळे त्यावरून ‘जितकं तेल जास्त तितकं आरोग्य चांगलं’ असा अर्थ काढायचा नाही. सॅलडमधलं क जीवनसत्त्व आणि चोथा मिळायला तेलाची गरज नसते. शिवाय आपल्या नेहमीच्या जेवणात कोशिंबीर एकटी नसते. वरणावरचं तूप, आमटीची फोडणी, माशाच्या कालवणातलं खोबरं हा सगळा स्निग्धांश त्याच जेवणात पोटात जातो आणि तो कोशिंबिरीच्याही उपयोगी पडतो. अडचण येते ती फक्त सॅलडवर भागवलेल्या जेवणात. नेमकं तेच जेवण आपण आरोग्यासाठी म्हणून बिनतेलाचं करतो.

बाटलीत काय असतं?

मूळ पद्धतीच्या मेयॉनीजमध्ये वजनाच्या ७० ते ८० टक्के तेल असतं. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम घेतलं तर वीसेक ग्रॅम स्निग्धांश आणि दोनशेच्या आसपास कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहेत. दोन चमच्यांतच त्यातला मोठा वाटा संपतो. बिनअंड्याच्या मेयॉनीजमध्ये तेलाचं प्रमाण उत्पादनागणिक वेगळं असतं. जिथे तेल कमी, तिथे दाटपणासाठी स्टार्च किंवा डिंकासारखी द्रव्यं आणि चवीसाठी साखर आढळते.

बाटली घ्यायचीच असेल तर मागची बारीक अक्षरं वाचावीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलं नाव तेलाचं असेल तर त्यात सर्वांत जास्त तेलच आहे. मिठासाठी ‘सोडियम’चा आकडा पाहावा आणि त्याला अडीचने गुणावं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड आणि सुकी मासळी ज्या घरात रोज असते तिथे हा हिशेब आधीच भरलेला असतो.

कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजचा प्रश्न वेगळा आहे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात आणि मेयॉनीज शिजवलं जात नाही. विषबाधेच्या घटनांनंतर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजवर बंदी घातली. आपल्या उष्ण, दमट किनारपट्टीवर घरीही तो प्रयोग न केलेलाच बरा.

दाटपणाचं गुपित

तेल आणि पाणी एकत्र घुसळलं तरी थोड्या वेळात वेगळं होतं. तेलाचे अगदी बारीक थेंब करून ते पाण्यात अडकवून ठेवले की दोन्ही मिळून दाट, दुधाळ मिश्रण तयार होतं. त्याला इमल्शन किंवा पायस म्हणतात. दूध हे पायस, नारळाचं दूधही पायस आणि मेयॉनीजही. थेंब पुन्हा एकमेकांना मिळू नयेत म्हणून मध्ये कुणीतरी राखणदार लागतो. मेयॉनीजमध्ये ते काम अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं करतात.

आपल्याकडे या कामाला इतर बरेच गडी आहेत. पहिला चक्का. दही लागताना दुधातल्या केसीन या प्रथिनाचं जाळं तयार होतं, त्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून राहतात. दही फडक्यात टांगलं की पाणी निथळतं आणि जाळं दाट होतं. म्हणजे तेल न वाढवताही साय खाल्ल्यासारखं वाटतं. दुसरा गडी भाजलेले दाणे. त्यांत प्रथिनंही आहेत आणि तेलही, त्यामुळे दाणे पाण्यात बारीक वाटले की आपोआप पायस होतं. तिसरी मोहरी. मोहरीच्या सालीतलं बुळबुळीत द्रव्य तेलाचे थेंब धरून ठेवायला मदत करतं. पिवळ्या मोहरीत ते जास्त असतं. जुन्या घरांतून रायत्याला फेसलेली मोहरी लावत, त्यात चवीबरोबर हाही गुण होता. मोहरी पाण्यात वाटली की तिच्यातलं एक विकर जागं होतं आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. लिंबाचा आंबटपणा या विकराचं काम मंदावतो. म्हणून मोहरी आधी नुसत्या पाण्यात फेसावी, दहा मिनिटं थांबावं आणि मगच आंबट घालावं.

परदेशात अशा हिरव्या, दाट ड्रेसिंगला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातलं प्रसिद्ध ‘ग्रीन गॉडेस’ सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलात १९२३ मध्ये तयार झालं. जॉर्ज आर्लिस हा नट तिथे त्याच नावाच्या नाटकासाठी आला होता, त्याच्या सन्मानासाठी. आपली कोशिंबीर तरी काय वेगळी आहे? दही हा आंबटपणा, दाण्याचं कूट हा दाटपणा, फोडणी हे तेल आणि वर कोथिंबीर. ड्रेसिंगचे चारही भाग तिच्यात आहेत. ते एकत्र वाटून घेतले की झालं.

कृती

साहित्य : पाव किलो ताजं, फार आंबट नसलेलं दही, भाजून सोललेले दाणे दोन मोठे चमचे, निवडलेली कोथिंबीर एक मोठी मूठ, कोवळ्या देठांसह, पुदिन्याची दहा-बारा पानं, अर्धा चमचा मोहरी, एक लहान हिरवी मिरची, आल्याचा छोटा तुकडा, शेंगदाणा किंवा तिळाचं तेल दोन लहान चमचे, एक लहान चमचा लिंबाचा रस, पाव लहान चमचा मीठ.

दही स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवावं, खाली भांडं ठेवावं आणि हे सगळं दोन-तीन तास फ्रिजमध्येच असू द्यावं. बाहेर टांगलं तर आपल्या हवेत ते भराभर आंबत जातं. साधारण दीडशे ग्रॅम दाट दही हाती येईल. निथळलेलं पाणी टाकू नये, त्यात कणीक भिजवावी किंवा ते कढीत घालावं. मोहरी दोन चमचे पाण्यात फेसून बाजूला ठेवावी. मिक्सरमध्ये आधी दाणे आणि थोडं थंड पाणी घेऊन गंधासारखं वाटावं. मग मोहरी, मिरची, आलं आणि तेल घालून पुन्हा फिरवावं. त्यानंतर कोथिंबीर-पुदिना घालून थांबत थांबत फिरवावं. मिक्सर सलग चालवला तर मिश्रण तापतं आणि पानांचा वास उडतो. हे वाटण दह्यात हाताने फेटून मिसळावं. दही मिक्सरमध्ये जास्त फिरवलं तर त्याचं जाळं मोडतं आणि ते पातळ होतं. मीठ आणि लिंबू शेवटी.

यातून सुमारे अडीचशे ग्रॅम ड्रेसिंग तयार होतं, म्हणजे चार माणसांना दोन वेळा पुरेल एवढं. दही गाईच्या दुधाचं असेल तर दोन मोठ्या चमच्यांत चार ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि चाळीस-पंचेचाळीस कॅलरी येतात. बाटलीतल्या मेयॉनीजच्या साधारण पाचवा भाग. मीठ तर चिमूटभरच. म्हशीच्या दुधाच्या दह्यात स्निग्धांश थोडा वाढेल.

पुदिन्याऐवजी शेपू, ओव्याची पानं किंवा कोवळी लसूणपात घालता येते. ओव्याची पानं दोनच पुरेत, नाहीतर बाकी सगळ्या चवी झाकून जातात. कैरीच्या दिवसांत लिंबाऐवजी कैरीची फोड वाटावी.

नारळाची तऱ्हा

रत्नागिरीजवळ भाट्ये इथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे आणि जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचं नारळाशिवाय पान हलत नाही. ज्यांना दूध-दही सोसत नाही त्यांच्यासाठी नारळाचं दाट दूध हा उत्तम पाया आहे. अर्ध्या नारळाचा चव अगदी थोड्या कोमट पाण्यात वाटून पहिलं दूध काढावं. त्यात भिजवलेले सहा-सात काजू, कोथिंबीर, मिरची आणि थोडं आलं वाटून घालावं. आंबटासाठी लिंबू किंवा बिंबलाची फोड. आंबट एकदम ओतलं तर नारळातली प्रथिनं साकळून दूध फुटल्यासारखं दिसतं, म्हणून थेंब थेंब घालत ढवळावं. हे गरम करू नये.

इथे कोकमाचा मोह होतो. चवीला ते छानच लागतं, पण कोकमाचा लाल रंग आणि कोथिंबिरीचा हिरवा रंग एकत्र वाटले की मातकट रंग येतो. कोकम वापरायचं तर ड्रेसिंग सोलकढीसारखं गुलाबीच ठेवावं आणि कोथिंबीर वाटण्याऐवजी बारीक चिरून वर घालावी. आगळ वापरलं तर वेगळं मीठ घालू नये, कारण टिकण्यासाठी आगळात आधीच भरपूर मीठ असतं. आमसुलं भिजवून घेतलेलं पाणी त्यापेक्षा बरं.

नारळाच्या तेलातला सुमारे ९० टक्के भाग संपृक्त स्निग्धाम्लांचा असतो. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत त्याने एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढतं. याचा अर्थ नारळ वर्ज्य असा नाही. ज्या दिवशी कालवणात, भाजीत आणि सोलकढीत खोबरं आहे त्या दिवशी सॅलडवर दही-दाण्याचं ड्रेसिंग घ्यावं, एवढाच हिशेब. हृदयविकार असलेल्यांनी नेहमीसाठी दही-दाण्याचंच ठेवावं.

रंग का उतरतो, पाणी का सुटतं?

हिरवंगार ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी शेवाळी दिसतं, कारण आंबटामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. ते खराब झालेलं असतंच असं नाही. रंग टिकवायचा असेल तर पानं उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच थंड पाण्यात टाकावीत. यामुळे रंग काळपट करणारी विकरं निकामी होतात आणि पानांवरचे जंतूही कमी होतात. आंबट मात्र वाढायच्या वेळी घालावं.

तवसं किंवा काकडी मीठ लागताच पाणी सोडते. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं आणि दाट ड्रेसिंग तळाशी पाणीदार होतं. म्हणून भाजी चिरून, पुसून थंड ठेवावी आणि ड्रेसिंग पानात वाढताना मिसळावं. डब्यात न्यायचं असेल तर ते वेगळ्या लहान डबीत न्यावं.

किती वेळ टिकेल?

घरच्या ड्रेसिंगमध्ये परिरक्षक नसतात. हा त्याचा गुण आहे आणि मर्यादाही. दह्याचं ड्रेसिंग झाकणाच्या काचेच्या बाटलीत, फ्रिजच्या आतल्या भागात ठेवून दोन दिवसांत संपवावं. फ्रिजच्या दाराशी तापमान सतत वर-खाली होतं. नारळाचं त्याच दिवशी संपवावं, कारण ते दह्याइतकं आंबट नसतं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं पुन्हा आत ठेवू नये. पावसाळ्यात वीज चार-पाच तास जाते तेव्हा फ्रिजमधला हा पदार्थ आधी टाकून द्यावा. ‘वास तर बरा येतोय’ ही कसोटी पुरेशी नाही, कारण आजारी पाडणारे बरेच जंतू वास बदलत नाहीत.

लिंबू पिळलं की जंतू मरतात, हा समज खोटा आहे. आंबटपणा त्यांची वाढ मंदावतो, पण आधीच आलेल्या जंतूंचा नायनाट करत नाही. म्हणून पानं धुणं महत्त्वाचं. जुडीची मुळं कापून, पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवावीत. पावसात नळाला गढूळ पाणी येत असेल तर शेवटचं पाणी उकळून गार केलेलं वापरावं. विषमज्वर आणि कावीळ दूषित पाण्यातून पसरतात आणि इथे पानं कच्चीच पोटात जाणार असतात. गर्भवती, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांच्यासाठी वर सांगितल्याप्रमाणे पानं उकळत्या पाण्यातून काढूनच घ्यावीत.

कच्ची लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं तर कटाक्षाने टाळावं. मातीतून लसणीवर बोटुलिनम जंतूंचे बीजाणू येऊ शकतात आणि तेलाखाली हवा नसल्याने त्यांना वाढायला आयती जागा मिळते. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहातल्या, फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणीमुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती. लसूण हवी असेल तर आयत्या वेळी ठेचून घालावी.

दाणे निवडतानाही लक्ष द्यावं. दमट हवेत दाण्यांवर बुरशी येते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पूर्ण जात नाही. काळपट, सुरकुतलेले, खवट किंवा कडू दाणे फेकून द्यावेत.

यांनी आधी विचारावं

रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफेरिन किंवा असेनोकुमरॉल घेणाऱ्यांनी कोथिंबीर-पालकाचं प्रमाण अचानक वाढवू नये, तसंच अचानक बंदही करू नये. हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व या औषधांच्या उलट काम करतं. रोजचं प्रमाण सारखं ठेवावं आणि बदल करायचा तर डॉक्टरांना सांगून. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना नारळ, दाणे, दही आणि पालेभाज्यांतल्या पोटॅशियम-फॉस्फरसचा विचार करावा लागतो, त्यांनी आहारतज्ज्ञांकडून मात्रा ठरवून घ्यावी. दाण्यांची ॲलर्जी असेल तर दाण्यांऐवजी भाजलेले तीळ चालतात, मात्र काहींना तिळाचीही ॲलर्जी असते.

राहिला प्रश्न मापाचा. ड्रेसिंग बाटलीतून ओतू नये, चमच्याने मोजून घालावं. वाडगाभर भाजीला दोन मोठे चमचे पुरतात. खालपासून वरपर्यंत नीट कालवलं तर प्रत्येक फोडीला लागतं. पोषण संस्थेच्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत आणि बटाटा त्यात धरलेला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या पोटात एवढ्या भाज्या जात नाहीत, कारण कोरडी फोड घशाखाली उतरत नाही. दोन चमचे हिरव्या सायीने तो वाडगा रोज रिकामा होत असेल, तर त्यातल्या चार ग्रॅम स्निग्धांशाने आपलं काम चोख केलं.